अर्ध्या मात्रेची मोटार

गेल्या आषाढांत एका रात्रीं आमच्या घरची मोटार गांवाबाहेरच्या मैदानांत वडाच्या पारावर जाऊन आदळली. गाडी माझ्या पुतण्याची. चालवीत होता त्याचा मुलगा, वय वर्षें एकोणीस. ईश्वरकृपेनें कोणास इजा झाली नाहीं. मागचा दिवा फुटला, पत्रा चेपला, पाराचे दोन दगड निखळले. दुसऱ्या दिवशीं किल्ल्या कपाटांत गेल्या, घरांतील सारींच माणसें एकदम बोलूं लागलीं, आणि अखेर नेहमींप्रमाणें असें ठरलें कीं, घरांतील वडील म्हणून मुलाशीं मींच बोलावें. मीं आयुष्यभर शाळेंत संस्कृत शिकविलें. मोटार मला चालवितां येत नाहीं. पण एकत्र कुटुंबांत ज्याला विषयांतलें कांहीं कळत नाहीं, त्याचाच निवाडा सर्वांना निःपक्षपाती वाटतो!

मुलगा खालीं मान घालून बसला. मीं विचारलें, "अरे, आदळली कशी तें मागाहून पाहूं. तूं करीत काय होतास?"

"धाकटे आजोबा, ड्रिफ्टिंग करून पाहत होतों."

"म्हणजे काय?"

"गाडी मुद्दाम घसरवायची, आणि घसरत असतांनाच ताब्यांत ठेवायची."

'मुद्दाम' आणि 'ताब्यांत' हे दोन शब्द ऐकून मी रागवावयाचें विसरलों. मीं त्याला म्हटलें, "हें सारें मला नीट समजावून दे. रागवावयाचें कीं नाहीं, तें समजल्यावर ठरवीन." त्या गोष्टीस आतां पांच महिने होत आले. एवढ्या अवधींत जें मला उमगलें, तें येथें लिहीत आहें. कारण ज्या घरांत अशा किल्ल्या कपाटांत ठेवाव्या लागल्या, तें आमचें एकट्याचेंच घर नसावें.

आरंभ पकडीपासून करावा लागतो. टायर आणि जमीन यांमधील पकड ही खिशांतल्या रुपयासारखी आहे. तो रुपया गाडीला पुढें ढकलण्यांत खर्च करा, थांबविण्यांत करा किंवा वळविण्यांत करा. रुपयाचा सव्वा रुपया होत नाहीं. रोजच्या चालविण्यांत त्यांतले चार-दोन आणेच खर्च होतात, म्हणून सामान्य चालकाला त्या मर्यादेची ओळखच नसते. ज्या गाडींत इंजिनाचा जोर मागच्या चाकांना मिळतो, ती वळणांत असतां चालकानें ॲक्सिलरेटर जोरानें दाबला, तर मागच्या चाकांचा सारा रुपया पुढें ढकलण्यांत संपतो, बाजूस धरून ठेवण्यासाठीं कांहीं उरत नाहीं, आणि गाडीची पाठ वळणाबाहेर निघून जाते. येथवर हा नुसता अपघात झाला. ड्रिफ्टिंग यापुढें सुरू होतें. चालक सुकाणू उलट फिरवितो, म्हणजे वळण उजवें असेल तर पुढचीं चाकें डावीकडे करतो, आणि पायाखालचा जोर इतक्या बारकाईनें कमीअधिक करीत राहतो कीं, घसरण वाढतहि नाहीं आणि थांबतहि नाहीं. गाडी आडवी, पण तिचा मार्ग ठरलेला.

आमच्या चिरंजीवांचें चुकलें कोठें, हेंहि यावरून कळतें. हल्लींच्या बहुतेक घरगुती गाड्यांप्रमाणें आमच्या गाडीचा जोर पुढच्या चाकांना. त्यानें चिखलांत हँडब्रेक ओढून मागचीं चाकें अडविलीं. घसरण सुरू झाली खरी. परंतु ती सांभाळण्यास मागच्या चाकांत जो जोर लागतो, तो त्या गाडींत नव्हताच. "तूं गाडी घसरविली नाहींस, तूं घसरलास," असें मीं म्हटलें, तेव्हां त्यानें प्रथमच मान वर केली.

ही विद्या जपानची. तेथें घाटाच्या रस्त्यास तोगे म्हणतात. कुनिमित्सु ताकाहाशी हा मूळचा मोटारसायकलींचा स्वार. १९६१ सालीं जर्मनींतील हॉकेनहाइम येथें जागतिक शर्यत जिंकणारा तो पहिला जपानी. पुढें तो मोटारींकडे वळला, आणि वळणांत गाडीची पाठ घसरवीत शिरण्याची त्याची रीत १९७० नंतरच्या वर्षांत प्रेक्षकांच्या डोळ्यांत भरली. ती पाहून शिकलेल्यांत केइची त्सुचिया हा प्रमुख. १९५६ सालचा जन्म, नागानो प्रांतांतला. त्यानें घाटांतल्या वळणांवर हा हात बसविला आणि पुढें 'घसरणीचा राजा' हें नांव मिळविलें. त्याच्या नांवाशीं जोडलेली गाडी कांहीं राजेशाही नव्हे. १९८३ ते १९८७ या काळांत निघालेली, १६०० सीसीची, मागच्या चाकांवर चालणारी एक टोयोटा. वजन साडेनऊशे किलोंच्या आसपास. जपानी लोक तिला नुसतें 'हाचि-रोकु', म्हणजे आठ-सहा, म्हणतात.

याच गाडीवर शुइची शिगेनो यांनीं 'इनिशियल डी' ही चित्रकथा १९९५ ते २०१३ पर्यंत चालविली. तिचा नायक टोफू विकणाऱ्याचा मुलगा. पहाटे घाटांतून माल पोंचवितांना बाप त्याच्या गाडींत पाण्याचा पेला ठेवतो, आणि त्यांतलें पाणी सांडतां कामा नये अशी अट घालतो. कथाच ती, पण या एका पेल्यानें मला त्या विद्येचें मर्म जितकें कळलें, तितकें मुलानें दाखविलेल्या धुरकट चित्रफितींनीं कळलें नाहीं. घाटांतल्या या खेळानें अपघात झाले, पोलीस आले, कित्येक ठिकाणीं रस्त्यावर उंचवटे बसविले गेले. आणि हळूहळू हें सारें बंदिस्त मैदानांत गेलें. फुकुशिमा प्रांतांतील एबिसु येथील धावपट्टी याकरितां प्रसिद्ध आहे. २००१ पासून डी-वन नांवाची स्पर्धाच सुरू झाली. तींत घड्याळ जिंकत नाहीं. गाडीचा मार्ग, तिचा कोन आणि चालविण्याची ऐट हीं पाहून परीक्षक गुण देतात. कुस्तीपेक्षां हें मल्लखांबाला जवळचें आहे.

मला वाटलें, विषय येथें संपला. पण श्रावणांत एके दिवशीं मुलगा हातांत एक इंग्रजी पुस्तक घेऊन आला, आणि त्यानें माझ्याकडे परसांतली पद्मिनी मागितली.

ही पद्मिनी म्हणजे माझ्या कैलासवासी वडील बंधूंची मोटार, मुलाच्या सख्ख्या आजोबांची. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत इटालियन फियाटच्या नमुन्यावर या गाड्या बनत. मुंबईच्या रस्त्यावरील त्यांची काळीपिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर बंद झाली, तेव्हां वृत्तपत्रांनीं मृत्युलेख लिहावे तसे लेख लिहिले. आमची पद्मिनी त्याच्या कितीतरी आधीं थांबली. बंधु गेल्यापासून ती फणसाखालीं उभी आहे. वहिनी दर दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालतात.

"तिचें काय करणार?" मीं विचारलें.

"तोडणार," मुलगा म्हणाला, आणि माझा चेहरा पाहून घाईनें पुढें म्हणाला, "आणि हलकी करून पुन्हां जोडणार."

आतां हें 'हलकी करणें' काय आहे, तें सांगण्यासाठीं वाचकांस इंग्लंडांत नेलें पाहिजे. १९४८ सालीं लंडनमध्यें कॉलिन चॅपमन नांवाचा वीस वर्षांचा विद्यार्थी, स्थापत्य-अभियांत्रिकी शिकत असतां, जुन्या ऑस्टिन सेव्हनवर आपली पहिली गाडी बांधीत होता. जागा कोणती? ज्या मुलीशीं पुढें त्यानें विवाह केला, तिच्या घरामागचें गाडीखान्याचें खोपटें. पुढें १९५२ सालीं त्यानें लोटस ही कंपनी काढली, ती हॉर्न्सी येथें बापाच्या हॉटेलामागच्या जुन्या तबेल्यांत. १९५७ सालीं तेथून 'लोटस सेव्हन' बाहेर पडली. दोन माणसांपुरती बैठक, नांवापुरतें छत, पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा. प्रारंभींच्या गाडींत फोर्डचें ११७२ सीसीचें साधें इंजिन, अश्वशक्ति अवघी चाळीसच्या घरांत. पण सबंध गाडीचें वजन पांचशे किलोंच्या आंत. आमच्या पद्मिनीचें इंजिन १०८९ सीसीचें, अश्वशक्ति तीच चाळीसच्या घरांत. मात्र वजन सुमारें नऊशे किलो! घोडे तेवढेच, ओझें दुप्पट.

चॅपमनचें म्हणणें असें सांगतात कीं, इंजिनाची शक्ति वाढविली तर गाडी सरळ रस्त्यावर वेगवान होते. वजन घटविलें तर ती सर्वत्र वेगवान होते. हें वाचलें आणि मला पाणिनि आठवला. सूत्रांतली अर्धी मात्रा वांचली तर वैयाकरणास पुत्रजन्माचा आनंद होतो, अशी आमच्या शास्त्रांत म्हण आहे. सुमारें चार हजार सूत्रांत एवढी मोठी भाषा बांधली गेली, ती या लाघवाच्या हट्टामुळें. एका सूत्रांतला शब्द पुढल्या सूत्रांत गृहीत धरावयाचा, एका खुणेनें दोन कामें करावयाचीं. चॅपमनहि तेंच करी. एकच तुकडा दोन कामें करील तर दुसरा काढून टाकावयाचा. गाडी हलकी झाली कीं तिला लहान ब्रेक पुरतात, अरुंद टायर पुरतात, लहान इंजिन पुरतें. आणि तीं लहान झालीं म्हणून गाडी आणखी हलकी होते. लाघवाला असें व्याज लागतें.

ही गाडी सुट्या भागांत विकली जाई, यांतहि गंमत आहे. इंग्लंडांत १९४० पासून तयार मोटारीवर खरेदी-कर असे. सुट्या भागांवर तो लागत नसे. जोडणीची पुस्तिका सोबत दिली तर सवलत जाई. म्हणून, असें सांगतात कीं, कंपनी गाडी सोडविण्याची पुस्तिका देई, आणि गिऱ्हाइकानें ती शेवटापासून आरंभाकडे वाचावी! कायद्यांतून अशी पळवाट काढणारे पंडित आपल्याकडेहि कमी नाहींत, पण इतकी निर्मळ पळवाट मीं दुसरी ऐकिली नाहीं. १९७३ च्या एप्रिलांत नवी करपद्धति आली आणि ती सोय संपली. त्याच वर्षीं सेव्हनचे हक्क केटरहॅम या छोट्या कंपनीकडे गेले, आणि ती गाडी आजहि निघते. तिची सर्वांत हलकी जात ४४० किलोंची. इंजिन सुझुकीचें, ६५८ सीसीचें, म्हणजे आपल्या जुन्या मारुतीहूनहि लहान, पण ८४ अश्वशक्तीचें. टनामागें हिशेब केला तर हे १९० घोडे झाले. अकराशे किलोंच्या घरगुती गाडीला तेंच इंजिन बसवाल तर टनामागें ७६. जपानच्या सर्वांत लहान मोटारींच्या वर्गांत ती बसते, आणि २०२१ सालीं ही कंपनीच एका जपानी व्यवसायानें विकत घेतली.

येथें घसरणीची विद्या आणि हलकी गाडी एकत्र येतात. या सर्वांत हलक्या गाडीचे टायर अवघे १५५ मिलिमीटर रुंद. पकडीचा रुपया मुळांतच लहान, म्हणून तो लवकर संपतो. जड आणि रुंद टायरांची गाडी ज्या भयंकर वेगाला घसरूं लागते, त्याच्या पुष्कळ अलीकडे ही घसरते. म्हणजे शिकणाऱ्याला चूक करून पाहतां येते आणि तो जिवंत राहतो. शिवाय चालकाची बैठक मागच्या चाकांना जवळजवळ टेकलेली असल्यामुळें घसरण त्याला डोळ्यांच्या आधीं कंबरेंत कळते. उलट बाजूहि आहे. लांबीनें आंखूड आणि वजनानें हलकी गाडी चटकन् फिरते, म्हणून सुकाणूहि चटकन् उलटें मारावें लागतें. आळशाला ती क्षमा करीत नाहीं. इंग्लंडांत केटरहॅमच्या गाड्यांवर, बंदिस्त जागेंत, ही घसरण शिकविण्याचे दिवसभराचे वर्ग भरत आले आहेत. रस्त्यावर जें पाप, तें तेथें पाठ म्हणून दिलें जातें.

पण लाघवाची दुसरी बाजू मीं मुलाला वाचून दाखविली, कारण ती त्यानें मला सांगितली नव्हती. चॅपमनच्या शर्यतीच्या गाड्या इतक्या हलक्या असत कीं त्या मोडतात, अशी तक्रार होती. १९६९ सालीं स्पेनमधील शर्यतींत गाडीचा पंख तुटून योखेन रिंट हा चालक जखमी झाला, तेव्हां त्यानें चॅपमनला पत्र लिहून गाड्यांच्या नाजूकपणाबद्दल स्पष्ट बजाविलें. पुढल्याच वर्षीं, ५ सप्टेंबर १९७० रोजीं, इटलींत मोंझा येथें सराव करतांना तो लोटस गाडींतच मरण पावला. त्या वर्षाचें जगज्जेतेपद त्याला मरणोत्तर मिळालें. असें पद मिळालेला तो एकटाच. अपघाताच्या कारणांची चिकित्सा करण्याचा माझा अधिकार नाहीं. मीं मुलाला एवढेंच विचारलें, "सूत्रांतून अर्धी मात्रा काढली आणि अर्थच गेला, तर वैयाकरण काय करतो?" तो म्हणाला, "मात्रा परत घालतो." "आणि येथें?" तो कांहीं बोलला नाहीं. दोन दिवस त्यानें पद्मिनीचें नांवहि काढलें नाहीं, हें मला बरें वाटलें.

आतां त्या पुस्तकाविषयीं. तें लिहिणारे रॉन चॅम्पियन हे इंग्लंडांतील आउंडल येथील शाळेंत अभियांत्रिकी शिकविणारे शिक्षक, म्हणजे माझेच व्यवसायबंधु. अवघ्या २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स मोटार बांधा, अशा अर्थाचें त्याचें नांव. प्रसिद्धि १९९६ सालची. मोडींत निघालेली फोर्ड एस्कॉर्ट घ्यावी. तिचें इंजिन, गिअरबॉक्स, मागचा आंस, सुकाणू आणि ब्रेक काढून घ्यावे. आणि सेव्हनच्या धर्तीचा सांगाडा आपल्या हातानें बांधून त्यांत हे भाग बसवावे. सांगाड्याच्या नळ्या चौकोनी, इंचभर रुंद, जाडी दीड मिलिमीटरहून किंचित् अधिक. सपाट फळीवर पूर्ण आकाराची आकृति काढावयाची, तिच्यावर नळ्या कापून मांडावयाच्या, प्रथम टांके द्यावयाचे, कर्ण मोजून पाहावयाचे, मग पक्कें वेल्डिंग. आडव्या-उभ्या नळ्यांत तिरकस नळ्या कां, असें मीं विचारलें. मुलानें माझ्यासमोर चार खराट्याच्या काड्या दोऱ्यानें बांधून चौकोन केला आणि एका बोटानें तो चेपून दाखविला. मग तीन काड्यांचा त्रिकोण केला. तो काडी मोडल्याशिवाय हलेना. मंडपाचे बांबू बांधणारा गडी तिरकी आडणी कां घालतो, हें मीं साठ वर्षें पाहत आलों होतों. समजलें त्या दिवशीं. अशा गाड्यांना 'लोकॉस्ट' म्हणतात, लोटस आणि अल्पमोल या दोहोंचा तो श्लेष. त्यांच्या शर्यतीहि इंग्लंडांत भरतात.

तिकडे अशी घरची गाडी रस्त्यावर आणतां येते. एकेका गाडीची स्वतंत्र सरकारी तपासणी असते. दिवे, ब्रेक, पट्टे, धूर, आवाज, इतकेंच नव्हे तर अंगाला लागेल अशी धारदार कड कोठें राहिली आहे काय, हेंहि परीक्षक पाहतो. आपल्याकडे तसा मार्ग नाहीं. गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो, आणि तें कारखानदाराचें काम. तयार गाडींत मूळच्या रचनेविरुद्ध फेरफार करतां येत नाहींत, हें १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमावरून सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें पुन्हां स्पष्ट केलें. सांगली जिल्ह्यांतील एका कारागिरानें भंगारांतून घरीं लहानशी जीप बनविली, तेव्हां आनंद महिंद्र यांनीं, ती नियमांत बसत नाहीं हें ओळखून, २०२२ सालीं तिच्या बदल्यांत त्याला नवी बोलेरो दिली आणि ती जीप जतन करण्यास घेतली. असा अदलाबदल करणारा प्रत्येकाला भेटत नाहीं. हें मला कडक वाटतें; पण आमच्या गांवचा सायंकाळचा बाजाररस्ता डोळ्यांसमोर आणला कीं, कायदा करणाऱ्यांवर फार रागावतां येत नाहीं. बंदिस्त जागेंत मात्र आडकाठी नाहीं. कोइमतूरच्या धावपट्टीवर फॉर्म्युला भारत या स्पर्धेंत अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः बांधलेल्या गाड्या दरवर्षीं पळवितात.

तेव्हां माझा निवाडा असा झाला. गाडी रस्त्यावर कधींहि जाणार नाहीं. वेल्डिंगचें काम महाविद्यालयाच्या कर्मशाळेंत, तेथील शिक्षकांच्या देखरेखीखालीं होईल. घसरण शिकावयाची ती भिंती-झाडें नसलेल्या बंदिस्त जागीं, शिरस्त्राण आणि पट्टे बांधून, आणि शिकविणारा शेजारीं असतां. पाराचे दगड त्यानें स्वतः बसवावे. ते त्यानें बसविलेहि. राहिली पद्मिनी. तिच्याविषयीं निवाडा करणारा मी कोण?

वहिनींनीं सारें ऐकून घेतलें. बराच वेळ त्या कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "मोडायची असेल तर मोडा. पण जो भाग काढाल तो कुठून काढला, कसा काढला, तें वहींत लिहून ठेवा. मला वाटलं तर पुन्हा होती तशी जोडून मागेन."

मुलानें माझ्याकडे पाहिलें. दोघांनाहि चॅपमनची पुस्तिका आठवली असावी. पण हंसण्याची ती वेळ नव्हती.

दसऱ्याचा हार सुकल्यावर काम सुरू झालें. प्रत्येक भागाला दोरीनें चिठ्ठी बांधलेली, वहींत तोच क्रमांक, शेजारीं वजन. दारें, आरसे, मागची बैठक आणि डिकीचें झांकण निघालें आहे. वही एकोणचाळिसाव्या पानावर आहे. शुद्धलेखन मी तपासतों, आणि 'स्क्रू' हा शब्द त्यानें तीन तऱ्हांनीं लिहिलेला पाहून मला जुने दिवस आठवतात. काल क्रमांक ११४ चा हॉर्न निघाला. वजन करून तो फळीवर ठेवणार, तोंच वहिनींनीं हात पुढें केला आणि तो आपल्या खोलींत नेला. वहींत त्या क्रमांकापुढें मुलानें लिहिलें आहे: 'आजीकडे'.